गाय का उलटली?

नगर-पुणे रस्त्यावरचं केडगाव आता महापालिकेत आलंय, पण आसपासच्या गोठ्यांची भाषा अजून जुनीच आहे. त्या भाषेत ‘उलटली’ हा फार जड शब्द आहे. गाय माजावर आली, डॉक्टरांनी येऊन रेतन केलं आणि २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, तर गाय उलटली म्हणायचं. तीन आठवड्यांची वैरण, पेंड आणि रेतनाचे पैसे गेले. असं चार-पाच वेळा झालं आणि दूधही आटलं, की मालकाला घोडेगावचा बाजार दिसायला लागतो.

खापर कुणावर तरी फुटतंच. डॉक्टरवर, खाद्यावर, बहुतेक वेळा गायीवर. पण त्या उलटण्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहासही असतो.

आपल्याकडची गोष्ट उरुळीकांचनला सुरू होते. १९४६ मध्ये गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो सांभाळायला मणिभाई देसाई हा तरुण मागे राहिला. मणिभाईंनी तिथे गीर गायींचा कळप उभा केला. गीर उन्हाला आणि गोचिडांना दाद देत नाही. पण कालवड पहिल्यांदा वितेपर्यंत चार-चार वर्षं जातात. तोवर दोन एकरवाल्याने काय करायचं? १९६७ मध्ये मणिभाईंनी बायफ ही संस्था काढली. पुढे तिचे तंत्रज्ञ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रेतकांड्या घेऊन थेट गोठ्यात जाऊ लागले.

आपल्याच जिल्ह्यात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. गीर गायीला जर्सीचं रेतन, त्यातून झालेल्या कालवडीला होल्स्टीनचं. निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर.

संकराच्या पहिल्या पिढीत दोन्ही हातांनी मिळालं. दूध वाढलं, आणि कालवड अडीच-तीन वर्षांत व्यायला लागली. दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीला वेगळाच जोम येतो. तो पुढच्या पिढ्यांत पूर्ण टिकत नाही. म्हणून विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास थांबवा, असं तज्ज्ञ सांगत राहिले. पण दुधाचा हिशेब केंद्रावर रोज दोनदा होतो आणि जोमाचा हिशेब कुणीच मागत नाही. पिढीमागून पिढी होल्स्टीनच भरवत गेलो, आणि गोठा काळा-पांढरा झाला.

जास्त दुधाची गाय व्यायल्यानंतर जेवढं खाते, त्याहून जास्त ऊर्जा दुधात घालते. अंगावरची चरबी वितळते. अशा वेळी शरीर पुढचा गर्भ लांबणीवर टाकतं. माज उशिरा येतो किंवा मुका येतो, कळतच नाही. त्यात नगरचा एप्रिल-मे. दुधासाठी वळू निवडताना हा स्वभावही आपोआप निवडला गेला.

अमेरिकेत यापेक्षा विचित्र गोष्ट घडली. १९६२ मध्ये तिथे पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या लेकी भरपूर दूध द्यायच्या, म्हणून त्याचं रेत जगभर गेलं. त्याला १६,००० लेकी झाल्या आणि २० लाखांहून जास्त पणत्या. पण त्याच्या एका जनुकात एका अक्षराची चूक होती. चुकीची एकच प्रत असेल तर काही बिघडत नाही. आई आणि बाप दोघांकडूनही तीच आली, तर गर्भ पोटातच मरतो. दोन वाहकांच्या संकरात चारातला एक गर्भ असा जातो. मालकाला एवढंच दिसतं, की गाय राहिली होती आणि पुन्हा माजावर आली.

ही चूक सापडली कशी, ते मला सॉफ्टवेअरवाला म्हणून फार आवडतं. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे पॉल व्हॅनरेडन आणि सहकारी हजारो गायींचा जनुकीय डेटा चाळत होते. त्यांनी आजारी गायी शोधल्याच नाहीत. डीएनएचा एक तुकडा कळपात सर्रास आढळत होता, पण त्याच्या दोन प्रती असलेली एकही गाय सापडेना. हिशेबाने असायला हव्या होत्या, आणि नव्हत्या. त्या जन्मल्याच नव्हत्या. २०१६ च्या एका अंदाजानुसार चीफच्या या वारशाने जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले. नुकसान ४२ कोटी डॉलरचं, आणि त्याच्या वारशाने वाढलेलं दूध ३,००० कोटी डॉलरचं. म्हणून तर तोटा इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

गाभण राहण्याची क्षमता पकडायलाही अवघड. दुधातल्या फरकाचा पाव ते तीस टक्के भाग वारशाने ठरतो, गाभण राहण्यातला जेमतेम चार-पाच टक्के. बाकी सगळं खाद्य, ऊन आणि माज ओळखणारी नजर. त्यामुळे एका गायीवरून वळू पारखता येत नाही, त्याच्या शेकडो लेकींच्या नोंदी लागतात. नॉर्वेने त्या १९७० च्या दशकातच वापरायला सुरुवात केली आणि तिथल्या तांबड्या गायींची प्रजननक्षमता टिकली. अमेरिकेने हा निकष २००३ मध्ये घेतला.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये भारतीय गायींसाठीच्या ‘गौ चिप’चं उद्घाटन झालं. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यामुळे आता प्रत्येक गायीची ओळखही आहे. पण कुठल्या वळूची लेक किती वेळा उलटली, हे कुणी नोंदवलंच नाही तर चिप काय शिकणार? वळूचा क्रमांक रेतकांडीवर छापलेला असतो. पुढच्या वेळी डॉक्टर आले की तो विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. दूध काय, केंद्रावरचं मशीन मोजतंच.