रूपांतरण विकृती

रूपांतरण विकृती : हालचाल, संवेदना किंवा शुद्ध यांत बिघाड दिसणारी, पण ज्ञात चेतारोगाशी न जुळणारी व बहुधा मानसिक ताणाशी निगडित असलेली विकृती.

उगम : प्राचीन ग्रीक वैद्यकात अशा लक्षणांचा संबंध गर्भाशयाशी जोडला जाई (→ उन्माद). एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे झां-मार्तीन शार्को यांनी त्यांचा चेताशास्त्रीय अभ्यास केला. दडपलेला भावनिक संघर्ष शारीरिक लक्षणांत रूपांतरित होतो, असा सिद्धांत सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये मांडला (→ मनोविश्लेषण). अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत निदानासाठी मानसिक कारण आढळण्याची अट वगळण्यात आली.

लक्षणे व निदान : हातापायांतील कमजोरी, कंप, अपस्मारसदृश झटके, वाचा जाणे, अंधत्व व बधिरता ही प्रमुख लक्षणे होत. ती हेतुपुरस्सर केलेली नसतात. त्यामुळे ही विकृती आजाराच्या सोंगाहून वेगळी ठरते. स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते. निदान लक्षणांतील विसंगतीवरून होते. उदा., हूव्हर चाचणीत दुर्बल पाय खाली दाबण्यास सांगितल्यास जोर लागत नाही. मात्र दुसरा पाय विरोधाविरुद्ध उचलताना त्याच पायात जोर येतो. खरा चेतारोगही सोबत असू शकतो (→ अपस्मार).

महत्त्व : लक्षणे खरी असून ती सुधारू शकतात, हे रुग्णाला स्पष्टपणे समजावणे ही उपचारांची पहिली पायरी होय. त्यास भौतिकोपचार व बोधनिक वर्तनोपचाराची जोड दिली जाते (→ मानसोपचार). वेळीच निदान झाल्यास अनावश्यक तपासण्या व औषधे टळतात.