जासुदापासून सोळाशेपर्यंत

आमच्या भागात हौसेने पळणारा माणूस ही अलीकडची चीज आहे. मी शाळेत पीटी शिकवायला लागलो तेव्हा सकाळी रस्त्याने एखादा मोठा माणूस पळताना दिसला की वखर थांबवून लोक विचारायचे, "काय झालं गुरुजी, कोणाचं काही बरंवाईट?" पळायला कारण लागायचं. दुसरबीडच्या आसपासच्या वाटांवर ती कारणं शतकाशतकाला बदलत गेली. हौस त्यांत सगळ्यात शेवटी आली, आणि अजूनही ती पुरती रुजली आहे असं मला वाटत नाही.

गाव घाटावरचं, सिंदखेडराजा तालुक्यातलं. जुना नागपूर-मुंबई महामार्ग गावाला लागून. एका अंगाला किनगाव राजा आणि सिंदखेडराजा, दुसऱ्या अंगाला बिबी, पुढे सुलतानपूर, मेहकर. शिवारातून खडकपूर्णा वाहते. तिला आम्ही नुसती पूर्णाच म्हणतो. रेल्वे आमच्या वाट्याला आलीच नाही. ती घाटाखालून, मलकापूर-शेगावकडून गेली. 1870 मध्ये जलंबवरून खामगावला फाटा आला आणि तिथेच थांबला. खामगाव-जालना लाइन होणार, हे माझे आजोबा सांगायचे आणि आता माझा नातूही ऐकतो. रेल्वे नाही म्हटल्यावर निरोप, टपाल, बाजार सगळं पायांवर आणि बैलांवर. त्यामुळे आमच्या इतिहासात पाय जरा जास्तच येतात.

डिसेंबर 1757 चं घ्या. निजामाकडचे सरदार रामचंद्र जाधव सिंदखेडला कोंडले गेले होते, निजामअली त्यांच्या मदतीला आला होता, आणि समोर विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या फौजा होत्या. तह झाला इथल्याच साखरखेर्ड्याला. मराठ्यांना पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग मिळाला. पुस्तकात एवढं असतं. मला मात्र प्रश्न पडतो की ही बातमी पुण्याला नेली कोणी. पेशवे दफ्तरातली पत्रं वाचताना 'जासूद जोडी', म्हणजे निरोप पायी नेणारे दोघे, हे शब्द सारखे भेटतात. निरोप एकट्याकडे द्यायचा नाही. एक वाटेत पकडला गेला, तापाने पडला, पुरात वाहून गेला, तर दुसरा पोचला पाहिजे. घाईचं काम असेल तर ठरावीक दिवसांत पोचायच्या बोलीवर, वेगळे पैसे ठरवून अजुरदार जोडी लावायची.

घोडा का नाही, असं पोरं विचारतात. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाऊल टाकून बघा म्हणजे कळेल. चिखल घोड्याच्या खुराला धरून ठेवतो. घोड्याला दाणावैरण लागते, तो लांबून दिसतो, आणि ठाण्यावरचे शिपाई पहिल्यांदा त्यालाच अडवतात. अनवाणी माणूस बांधाबांधाने निघून जातो. याच साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला मारलं आणि त्याचं शीर दिल्लीला बादशहाकडे पाठवलं. तेही कोणीतरी वाहूनच नेलं असणार; त्याचं नाव कोण लिहून ठेवतो!

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्याच वर्षी टपालाचा दर अंतर न बघता एकसारखा झाला, हलक्या पत्राला अर्धा आणा. पत्र स्वस्त झालं म्हणजे पिशवी जड झाली, आणि ती वाहणारा आला डाकवाला. हातात भाल्याची काठी, तिला घुंगरं. भाला जनावरासाठी आणि लुटारूंसाठी. घुंगरू वाजलं की वाटेतल्यांनी बाजूला व्हायचं आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाने कंबर बांधायची. काही कोस पळायचं, पिशवी पुढच्याच्या खांद्यावर द्यायची, त्याच्याकडची घेऊन मागे फिरायचं. जासूद सगळी वाट स्वतः कापायचा. डाकवाल्याला आपल्या टप्प्यापलीकडचं गाव माहीत असायचंच असं नाही. माझ्या मते पळण्याचा खरा धंदा इथे सुरू झाला, कारण आता पाय महिन्याच्या पगारावर आले. शिवाय आमच्याकडून थोडं पश्चिमेला गेलं की मोगलाई सुरू. जालना निजामाचं, आणि निजामाचं टपाल वेगळं, तिकिटंही वेगळी. म्हातारी माणसं अजून जालन्याकडच्या पाहुण्याला 'मोगलाईतला' म्हणतात.

पगाराशिवाय पळण्याची एकच रीत मी लहानपणापासून पाहिली, ती ज्योतीची. घटस्थापनेच्या आधी मंडळाची पोरं माहूरला नाहीतर तुळजापूरला जातात, देवीच्या दारात मशाल पेटवतात आणि ती पळत गावाला आणतात. मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा, चिवड्याचं पोतं, मोठा स्पीकर आणि एकमेकांच्या अंगावर झोपलेली पोरं. एकाचा दम संपला की दुसरा खाली उडी मारतो आणि पळता पळता मशाल हातात घेतो. ज्योत थांबवायची नाही. वाटेतल्या गावांत बायका त्यांच्या अनवाणी पायांवर पाणी घालतात. डाकेचीच पद्धत, फक्त घुंगराच्या जागी स्पीकर आला. तो जरा कमी वाजला तर देवी रागावणार नाही, असं मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी माझं हसं होतं.

आताचं कारण म्हणजे भरती. कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर दोन भावांचं भागत नाही; दुसरबीडचा जिजामाता साखर कारखानाही बंद पडला. मग एक भाऊ शेतात, दुसरा 'ग्राउंड'वर. पोलीस भरतीला पूर्वी मुलांना पाच किलोमीटर असायचं. 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत उन्हात धावताना पोरं दगावली आणि पुढे ते अंतर कमी झालं. आता मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत सोळाशे मारलं तर पूर्ण 20 गुण. घरात घड्याळ नसलेल्या आईलासुद्धा हा आकडा पाठ असतो.

सोळाशे मोजायला मैदान लागतं, ते नाही. मग रस्ता. जुन्या महामार्गावर ट्रॅव्हल्स आणि ट्रकांच्या मधून पोरांना पळवताना माझा जीव टांगणीला असायचा. याच रस्त्यावरच्या राहेरीच्या पुलावर जड वाहनांना बंदी आली तेव्हा गावाला गैरसोय झाली, आमचा मात्र फायदा झाला. हे मी तेव्हा उघड बोललो नाही. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं त्या दिवसांत तयार झालेल्या काँक्रीटवर पोरं पहाटे घुसायची. सपाट, रुंद, खड्डा नाही. मी ओरडायचो की काँक्रीट नडग्या-गुडघ्यांना खातं, मातीच्या कडेने पळा. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि प्रश्न मिटला. त्या रस्त्यावर पायी माणसाला आणि दुचाकीला मज्जाव. मोठी वाहतूक तिकडे वळली, जुना रस्ता हलका झाला आणि पोरं परत त्याच्यावर आली.

दम वाढवायला मी त्यांना लोणारला नेतो. बिबीवरून फार लांब नाही. विवराचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या वर, म्हणजे कड्यावरून एक फेरा साडेपाच-सहा किलोमीटरचा. कड्यावरून तळ्यापर्यंत सव्वाशे मीटरांहून जास्त उतार, आणि तोच परतीला चढ. खाली काठाने वेडी बाभूळ, मोर, वानरं, पडकी देवळं आणि नाकात जाणारा खाऱ्या चिखलाचा वास. पूर्वी याच चिखलात उतरून माणसं क्षार काढायची. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे त्याचे प्रकार, आणि ओझं डोक्यावर घेऊन तो चढ चढायचा. त्यांच्यापुढे आमचा सराव म्हणजे खेळ. 2000 मध्ये अभयारण्य झालं, 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं, आणि शहरातून रंगीत बूट घालून पळायला माणसं आली. काठाने मात्र मी पोरांना पळू देत नाही. चिखल फसवा आहे, आणि कमळजा देवीच्या वाटेवर दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यांना धक्का लागलेला मला चालणार नाही. काठाने चालायचं, चढावर पळायचं.

हल्ली मुलीही येतात. सुरुवातीला दोघी होत्या, त्याही तोंडाला ओढणी बांधून. आता बाप मोटारसायकलचा दिवा लावून मागे असतो, मुलगी पुढे उजेडात पळते. आठशेचं माप आम्ही जुन्या रस्त्याच्या कडेला चुन्याने आखलंय. दर पावसात ते धुऊन जातं, मग मी टेप घेऊन जातो आणि एक पोट्टी चुन्याचा डबा धरते. परवा तिने विचारलं, "सर, दोन पन्नासच्या आत आलं की वीस मार्क पक्के ना?" पक्के म्हटलं. तिचे तीन पाच होतात.