गळाची काठी कुणाची?

महापे म्हटले की आज एमआयडीसी, आयटी पार्कच्या काचा आणि शिळफाट्याकडे निघालेल्या ट्रकची रांग आठवते. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातले हे जुने गाव आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला घणसोली-कोपरखैरणेच्या पलीकडे ठाण्याची खाडी, मध्ये भातशेती, खाजणे आणि मिठागरे. अशा मुलखात गळाची काठी ही विकत घेण्याची वस्तू नव्हती. बांधावरचे बांबूचे बेट, एक कोयता, दोरी आणि गरी एवढ्यावर भागत असे. नशिबाने शिंगाळी, खरबी किंवा वाम मिळे, आणि फारच चांगला दिवस असेल तर जिताडा.

फुकटची असली तरी काठी सोपी नव्हती. पहिल्या वर्षाचा बांबू दिसायला सरळ, हिरवागार असतो, पण वाळला की आकसतो आणि पिळतो. तीन-चार वर्षांचा, पेरे जवळजवळ असलेला, आत शक्य तितका भरीव असा बांबू शोधावा लागतो. काटेरी कळक जाड आणि पोकळ, तो मांडवाला बरा. तोड पावसाळ्यानंतर, थंडीत. नवे कोंब वाढवण्यात बेटाचे साठवलेले पिष्ट खर्ची पडलेले असते, त्यामुळे भुंगा कमी लागतो. कोकणात अमावास्येच्या सुमारास तोडायची रीत आहे. त्यातला चंद्राचा वाटा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मग काठी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, सावलीत वाळवायची, आणि वाकडी पेरे निखाऱ्यावर शेकून, तेलाचा हात देत, गुडघ्याला लावून सरळ करायची. बुरूड हे काम इतक्या सहज करतात की त्यात विद्या आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

या विद्येची नोंद इतिहासात आहे, पण ती राजाच्या नावाने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. (हे कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या शेजारचे कल्याण नव्हे.) त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणते आमिष, दोरी, गळ, काठी, सगळे त्यात आले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिले आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. पण राजासाठी हा विनोद होता. ज्याने बांबू तोडला, भाजला, सरळ केला, त्याचे नाव तिथे नाही.

इंग्रजी अमदानीतही तेच. मद्रास प्रांतातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरहून निघाले आणि महसीर पकडणाऱ्या साहेबांचा ते आधार झाले. त्याच शतकात आपला बांबू कोलकात्याच्या बंदरातून अमेरिकेला जात होता. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे सॅम्युअल फिलिप हे बंदुका आणि व्हायोलिन बनवणारे कारागीर. त्यांनी १८४०च्या दशकात बांबू उभा चिरून, पट्ट्या चिकटवून काठी केली. तिकडे या बांबूला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्यावर भाजल्याचे डाग असत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, आणि १९५०च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर फायबरग्लासने बांबूचीच.

इथे आपल्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी. कोकणातला मुसलमान बहुतांश शाफई. सुरे माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे, आणि शाफई फिकहने तिचा अर्थ सढळपणे घेतला; म्हणून कोकणी घरात माशाखेरीज समुद्रातले इतर जीवही शिजतात, तर हनफी पाहुणा ताटाकडे पाहत राहतो. त्याहून महत्त्वाचे हे की माशाला जबिहा लागत नाही. कुणी पकडला हा प्रश्न उरत नाही. आगरी माणसाने गळाला लावलेला मासा कोळणीच्या पाटीतून मोहल्ल्यात येतो आणि कुणाला काही विचारावे लागत नाही. मटणाच्या बाबतीत हे शक्य नव्हते. रत्नागिरीच्या राजिवड्यातले, मिरकरवाड्यातले दालदी तर स्वतःच पिढीजात मच्छीमार. होडीच्या मालकाला कोळी ‘नाखवा’ म्हणतात, तो फारसीतला ‘नाखुदा’. भाषेने, धर्माने वेगळी माणसे खाडीच्या काठावर जवळ आली ती अशा साध्या व्यवहारातून. सौहार्दाच्या व्याख्यानांत मासळीबाजाराचा उल्लेख क्वचितच येतो.

हा व्यवहार तीन गोष्टींवर उभा होता: बांबू, काठ आणि पाणी.

बांबू आधी सरकारी झाला. १९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्ष ठरवले. वनस्पतिशास्त्रात तो गवत, कायद्यात झाड! त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून बाहेर नेतानाही परवान्याचा प्रश्न येई. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला, २००६चा वनहक्क कायदा असूनही, आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक पासाचे पुस्तक मिळायला एप्रिल २०११ उजाडले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून सुटला तो २०१७ मध्ये, नव्वद वर्षांनी.

महापेला तोवर फार उशीर झाला होता. १९६०च्या दशकात ठाणे खाडीपलीकडची औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्ये सिडको. जमिनी गेल्या तसे बांधही गेले, आणि बांधाबरोबर बेटे. नुकसानभरपाईसाठी मोठे लढे झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासईत गोळीबारात माणसे गेली. जमिनीचा निदान हिशेब तरी झाला, एकराने, गुंठ्याने. खाडीत सांडलेल्या रसायनांनी जो मासा हटला, तो कोणत्या सातबाऱ्यावर दाखवायचा? गळ टाकून बसण्याची जागा कुणाच्या नावावर होती? ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. पाखरांना कागद मिळाला हे चांगलेच झाले.

गळ टाकणारे अजूनही दिसतात, बहुतेकांच्या हातात फायबरची काठी असते. बांबूची हवी असेल तर वखारीत जावे लागते. परांची आणि गणपतीच्या मांडवासाठी आणलेल्या ढिगात एखादी सडपातळ, भरीव, सरळ काठी सापडते. वखारवाला विचारतो, किती नग? एकच म्हटले की हसतो, आणि बहुधा पैसे घेत नाही.