फियाटचे पोटहिस्से

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने चालू शकत नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं ठरलेलं. २० वर्षं भरली, विषय संपला. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. आमच्या कल्याण-मुरबाड रस्त्याच्या गावांत मात्र तिला पद्मिनी कुणी म्हटलंच नाही. फियाटच म्हणायचे. गावात तशी एकच होती, आणि ती आमची.

ती बातमी वाचून मी ठरवलं, आपली फियाट कुठे गेली ते शोधून काढायचं. विकून २५ वर्षं झाली होती. पण माणूस विकलेल्या जमिनीवरूनही जाता-येता नजर टाकतोच ना? तसंच हे.

आधी गाडीचं कूळ सांगतो. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. साखर कारखाना, विमानाचा कारखाना, जहाजाची गोदी असं सगळं उभं करणारा माणूस. त्यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉजचे ट्रक आणि प्लिमथ मोटारी जोडायला लागले. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, मग तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढची सीट बाकासारखी सलग. दाटीवाटीने पुढे तिघं बसायचे.

त्या काळी मोटार ही साध्या माणसाची गोष्टच नव्हती. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली, किंमत १२ हजार. तेवढे पैसे नव्हते म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचं कर्ज काढलं. ते गेल्यावर ललिताबाईंनी ते फेडलं. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवली आहे. पंतप्रधानांची ही गत, तर आमच्यासारख्यांनी नवी गाडी घेण्याचं नावच काढू नये. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागे.

आमची १९७५ ची, दुधी रंगाची. बाने १९८६ ला जुनीच घेतली, भाताचे आणि दोन म्हशींचे पैसे घालून. गावच्या लोहाराकडून टपावर लोखंडी अँगलचं कॅरियर मारून घेतलं. पहाटे त्यावर भेंडी, काकडीची पोती बांधायची आणि कल्याणचा बाजार गाठायचा. येताना खत, बियाणं, कुणाची पाहुणेमंडळी. लग्नसराईत नवरानवरीला तीच गाडी. भाडं बाने कधी ठरवलं नाही, पेट्रोल टाका म्हणायचा.

१९९१ च्या आषाढात धाकट्या भावाला लावणी करताना फुरसं चावलं. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीचं पाणी चढलेलं. एसटी बंद. आम्ही पुलाच्या अलीकडे दीड तास थांबलो. भाऊ मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून. पाणी ओसरायला लागलं तसा बा म्हणाला, "आता बघायचं नाय, निघायचं." गाडी पाण्यातून गेली आणि बंद पडली नाही. कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात पोचलो. भाऊ आज साठीला आलाय, नातवंडं खेळवतो. आमच्या घरात फियाटचं नाव अजून का निघतं, ते यावरून कळावं. १९९८ ला टेम्पो घ्यायचा म्हणून ती विकली. आई दोन दिवस जेवली नव्हती.

शोधायचं कसं? शेतकऱ्याला सातबारा कळतो, म्हणून मी तसाच विचार केला. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. मालक बदलला की नाव चढतं, तो झाला फेरफार. आणि सर्व्हे नंबर म्हणजे चासी नंबर, लोखंडावर ठोकलेला. नंबरप्लेट बदलू शकते, चासी नंबर नाही. १९८९ च्या आधी आपल्याकडे गाडीला एमने सुरू होणारी तीन अक्षरं असत. नंतर एमएच आणि आकडा आला, ठाण्याला ०४, कल्याणला ०५. बाने आरसीची नक्कल सातबाऱ्याच्याच फायलीत ठेवलेली. चासी नंबर, इंजिन नंबर दोन्ही मिळाले.

पण जमिनीत आणि गाडीत एक फरक आहे. जमीन कितीदाही विकली तरी जुना फेरफार तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. खासगी गाडीची नोंद १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नवी करायची. मालकाने ती केली नाही तर गाडी कागदावरून गळते. त्यातून जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या. एका कार्यालयात मी तीन खेपा घातल्या, वही काही निघाली नाही. शेवटी माणसंच धरत गेलो.

घेणारा भिवंडीचा, यंत्रमागवाला. तो वारलेला. मुलाने सांगितलं, "चाचा, पडघ्याला दिली होती." पडघ्याच्या माणसाने शहापूरच्या एका मिस्त्रीचं नाव घेतलं. मिस्त्रींना नंबर आठवेना. मी म्हटलं, "टपावर अँगलचं कॅरियर होतं बघा." तशी त्यांची कळी खुलली. "अहो, ती होय! तळ पूर्ण सडला होता तिचा. शिळफाट्याला भंगारात कापली. पण इंजिन चांगलं होतं, ते दुसऱ्या पद्मिनीत बसवलं. दरवाजे एका टॅक्सीवाल्याने नेले." आणि कॅरियर? ते गॅरेजच्या मागे भिंतीला उभं होतं, त्यावर टायर रचलेले. लोहाराने दिलेला वेडावाकडा वेल्डिंगचा टाका मी ओळखला.

इंजिन ज्या गाडीत गेलं ती इगतपुरीकडच्या एका निवृत्त मास्तरांची. मी गेलो. मास्तरांनी चहा दिला, बॉनेट उघडलं. त्यांच्या आरसीवर इंजिन बदलल्याची नोंद रीतसर होती. इंजिनावरची काजळी फडक्याने पुसली आणि माझ्या कागदाशी आकडा न् आकडा ताडून पाहिला. जुळला. मास्तर म्हणाले, "रविवारी कसारा घाटात फिरवून आणतो, अजून दम आहे तिच्यात."

तेव्हा कळलं, आमच्या फियाटचे पोटहिस्से पडले होते. सर्व्हे नंबर मोडून हिस्सा एक, हिस्सा दोन होतात, आणि मूळचं एकच शेत चार घरांत जातं, तसं. जुन्या गाड्या बहुतेक अशाच जगल्या. सुटा भाग मिळेना, मग एकीचा जीव दुसरीत घातला. इतकी वर्षं पद्मिनी चालल्या त्या अशा मिस्त्री लोकांच्या हातांवर.

ज्या कंपनीने त्या बनवल्या तिचंही तसंच झालं. तिचा दुसरा कारखाना आमच्या बाजूला, कल्याण-शिळ रस्त्याला. तिथे १९९४ पासून फ्रान्सची प्यूजो ३०९ बनू लागली. पण कामगारांशी वाद झाले आणि १९९७ ला फ्रेंच कंपनी निघून गेली. २००० च्या सुमारास पद्मिनी बनायचीही थांबली. आज डोंबिवलीकर प्रीमियर मैदान म्हणतात, तिथे सभा होतात, भोवती टॉवर आहेत. कुर्ल्यात प्रीमियर रोड आहे. नाव राहिलं, जमिनीचा सातबारा बदलला. आमच्या गावच्या पोरांना विचाराल तर प्रीमियर म्हणजे क्रिकेट.

मास्तरांना मी इंजिन विकत मागितलं नाही. गाडी त्यांची आहे, चालती आहे, चालती राहू द्या. फक्त आमच्याकडची आरसीची नक्कल झेरॉक्स करून त्यांना दिली, म्हणजे इंजिन कुठून आलं हे त्यांच्या फायलीतही राहील. मिस्त्रींनी कॅरियरचे पैसे घेतले नाहीत. ते आता आमच्या मांडवाखाली आहे. भाऊ त्यावर काकडीची रोपं ठेवतो.