माळेगावचा ळ

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या मोंढ्यात कुणी 'माळेगावला निघालो' म्हटलं, की तो लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या यात्रेला चाललाय हे विचारावं लागत नाही. मालेगाव वेगळं, ते नाशिक जिल्ह्यातलं. इंग्रजी अक्षरांत दोन्ही गावं सारखीच दिसतात. मराठीत त्यांना वेगळं ठेवतो तो एकटा ळ.

या अक्षरानं आपला एकही शब्द सुरू होत नाही, पण त्याचं कूळ फार जुनं. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'ईळे' आहे. दोन स्वरांमध्ये आलेला ड तिथं ळ होतो. नंतरच्या संस्कृतानं ड परत आणला. लोकांच्या बोलण्यात मात्र ती वाट बुजली नाही. गुडाचा गूळ झाला, दाडिमाचं डाळिंब, षोडशचे सोळा.

दुसरी वाट ल ची, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. थेट संस्कृतातून उचललेले शब्द सोडले, तर दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ झाला: फळ, कमळ, शाळा. प्राकृतात जोडीनं आलेला ल्ल मात्र ल च राहिला. तैल, तेल्ल, तेल. मूल्य, मोल्ल, मोल. म्हणून वेलेची वेळ झाली आणि वल्लीचा वेल. 'काळ' आला तो काल या शब्दातून, तर आपला कालचा दिवस कल्य, कल्ल असा आला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या ग्रंथात हा नियम मांडला आहे. वेल आणि वेळ वेगवेगळे उच्चारणारी, शाळेत न गेलेली म्हातारीही एक हरवलेलं जोडाक्षर जपत असते. मला हे फार मोठं वाटतं.

माळेगावच्या यात्रेत बेलभंडारा उधळला जातो, त्यातला बेल बिल्वाचा. तिथंही ल्व चा ल्ल झाला, म्हणून ळ नाही. भंडारा म्हणजे हळद, ती हरिद्रेपासून आलेली, र चा ल आणि ल चा ळ होत. आणि खंडोबाच्या जयघोषातला 'येळकोट' हा कन्नडातला 'एळु कोटी', म्हणजे सात कोटी, असं मानतात. तो ळ दक्षिणेकडून आला.

या भागाला कन्नड आणि तेलुगू शेजारी लाभल्या, त्या दोघींकडे ळ आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळे इथं रुजलेल्या पंजाबीतही तो उच्चार आहे. गुरुमुखीत ल खाली बिंदू देऊन तो लिहिता येतो. 1948 पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला. उर्दू लिपीत ळ ला अक्षर नाही, काळे आणि काले लाम या एकाच अक्षरात बसतात. तरी लोकांच्या तोंडचा ळ गेला नाही.

पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलं, की डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. त्याला कुणी अशुद्ध म्हणू नये. तिथंही तेलाचं तेलच राहतं. य होतो तो फक्त ळ चा, आणि जुना एकटा ल कुठला, जोडीचा कुठला, हे वऱ्हाडीतूनही ओळखता येतं.