दाना ओलीतले हंस

जुन्या लष्करच्या आठवणी निघाल्या की वाडे, गणपती, कीर्तनं सगळं येतं. पागेतल्या हंसांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या लष्कराचंच गाव झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीच्या नावात दाणा आहे आणि ओली म्हणजे आपली मराठी ओळ, असंच आम्ही ऐकत आलो. दाण्याची झाडण भरपूर, मागे रिकामी पागा. घोडे केव्हाच गेले होते. तिथे मागच्या चौकातल्या सुभेदारकाकांनी हंसांची जोडी पाळली होती, राखणीला. अनोळखी माणूस दिंडीत आला की असा कलकलाट करत की कुत्र्याची गरज नसे. इसवी सनापूर्वी 390 च्या सुमारास रोममध्ये हंसांनीच पहारेकऱ्यांना जागं केलं, ही गोष्ट मी पुढे शाळेत वाचली तेव्हा मला काही नवल वाटलं नाही.

सरस्वतीचं वाहन म्हणून आजी त्यांना नमस्कार करी, पण हे काही मानससरोवरातले नव्हेत. चोचीच्या मुळाशी गाठ असलेली ही चिनी जात. चंबळेवर थंडीत येणारा पट्टकादंब वेगळा.

साल 1961 असेल, मी दहा वर्षांचा. माघात मादी एक दिवसाआड अंडं घालत होती. पाच झाली, आणि एका रात्री भटक्या कुत्र्यांनी तिला मारलं. काकांनी खुडूक कोंबडी आणली. हंसाचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचं. पाच तिच्या पोटाखाली कशीबशी मावली, पण फिरवणं तिला जमेना. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाला चिकटतो. काका दिवसभर दुकानात. मग कोण फिरवणार?

आमच्या घरात अंडं म्हणजे ओट्याच्या आत नाही! पण आजी म्हणाली, "खायचं नाही म्हटलंय, जगवायचं नाही असं कुठे म्हटलंय?" झालं. एका बाजूला कोळशाची फुली करून ती दिवसातून तीनदा अंडी उलटी, आणि प्रत्येक वेळी आंघोळ. घरात यावरून कमी बोलणी झाली नाहीत. आठव्या रात्री काकांनी पुठ्ठ्याची नळी करून कंदिलासमोर अंडी धरली. चारांत लाल शिरांचं जाळं दिसलं, पाचवं नुसतंच उजळ, ते काढलं. पंधरवड्यानंतर रोज कोमट पाण्याचा शिपका.

कोंबडीचा हिशेब 21 दिवसांचा, हंसाचा तीसच्या आसपास. ती मध्येच उठेल ही सगळ्यांना धास्ती. पण बसली बिचारी. आजीने तारीख धरलीच नव्हती, माघी पौर्णिमेला बसवली ती होळी पौर्णिमेला फुटणार, एवढंच तिचं गणित. आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, तीन पिल्लं बाहेर! पिवळीधमक. ती कोंबडीच्या आणि आजीच्याही मागे फिरत, अगदी तुळशीपर्यंत. पुढे हौदात उतरली तेव्हा कोंबडीने काठावर जो आकांत केला तो विसरणार नाही. जन्मताच जे हलतं दिसेल त्याच्या मागे हंसाचं पिल्लू जातं, हे ज्यांनी अभ्यासलं त्या कोनराड लोरेन्झना 1973 मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा मी बँकेत नवा होतो. पेपरात वाचून आजी आठवली.

चौथं राहिलं. कवचाला भोक पडलेलं, आतून चिवचिव, पण दिवस सरला तरी पिल्लू येईना. संध्याकाळी पागेत कोणी नसताना मी नखाने कवच सोललं. रक्त आलं. भोक पाडल्यावरही पिल्लाला दिवस दीड दिवस लागतो. तेवढ्यात आतल्या शिरांतलं रक्त आटतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. हे मला माहीत नव्हतं. रात्रीत ते गेलं.

"मेलेलंच निघालं," मी सांगितलं. आजीने माझ्या नखांकडे पाहिलं, तांब्या घेतला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं.