वर्गानंतर मैदान

मी पुण्यात मुलींना खो-खो शिकवला. त्या खेळाआधीची लढाई वर्गाची होती. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली. मुलींना इंग्रजी, गणित कशाला, अशी टीका टिळकांनी केली. आगरकरांनी मात्र मुलामुलींना सारखंच शिक्षण मागितलं. पुढे १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधले गेले. दोन खांब आणि मोकळी जागा पुरत असल्यामुळे हा खेळ मुलींच्या शाळांतही रुजला. तरीही दहावी आली की आधी मुलीचंच मैदान सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पालकहो, वर्ग मिळाला म्हणजे समानता पुरी झाली असं मानू नका. मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवा.